कोरडा टब

ब्रँडनच्या त्या दुकानात बारा टब होते,
बाराही कोरडे.
बाहेर उणे एकतीस. ट्रक चालूच ठेवावा की बंद करावा
यावर दारापर्यंत आमचं भांडण.

कोल्टन, वय असेल चोवीस,
म्हणाला, बसून बघा, बूट तेवढे काढा.
आम्ही जाड कोट घालूनच बसलो
समोरासमोर,
नदी आटून गेली तरी
होडीतून न उतरलेल्या दोघांसारखे.

पहिला सहा जणांचा.
त्रेचाळीस जेट, निळे दिवे, कडेला स्पीकर.
सहा कोण? मी बोटं मोजली.
लेक व्हँकुव्हरला, तिचा तो नवा,
शेजारचा वॉल्टर धरला तरी पाचच,
आणि वॉल्टर पाण्याला भितो.

दुसऱ्यात आडवं पडायची जागा.
मी पडले. माझी उंची पाच फूट एक.
कोल्टन प्रामाणिक, म्हणाला,
पाणी भरलं की तुम्ही तरंगाल,
पाय कशालाच टेकणार नाहीत.
आवडलं मला ते.
पण बाराशे डॉलर जास्त,
नुसतं तरंगायचे.

ऑरेस्ट विचारत होता पंपाचे हॉर्सपॉवर,
झाकणाची जाडी, फोमचा थर,
साध्या प्लगवर चालतो की वेगळी वायर ओढायची,
उणे चाळीसला वीज गेली तर किती तासांत गोठेल,
वॉरंटीत काय काय येत नाही.
सगळं विचारलं.
गुडघ्यांचं नाही.
चौतीस वर्षं मालगाडीवर ब्रेकमन,
चालत्या वाघिणीवरून खडीवर उड्या.
त्या सगळ्या उड्या आता एकेक करून परत येतात
रात्री तीनला, जिन्यावर.
ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं,
वर ताकवाल्याला विचारायची
म्हशीची वंशावळ.

तिसऱ्यातून त्याला उठता येईना.
खोल बैठक, गुळगुळीत कड,
धरायला काही नाही.
एकदा जोर लावला. पुन्हा लावला.
मग खाली वाकून
तळाची जाळी बारकाईनं तपासू लागला.
'हं. इथून पाणी जातं तर.'
कोल्टनला नेमका तेव्हाच फोन आला,
वाजला नव्हता, तरी आला.
मी हात पुढे केला,
जणू आधार मलाच हवा होता,
आणि माझ्या मनगटावर एक अख्खा ब्रेकमन
सावकाश उभा राहिला.

परतताना दोन तास
रस्त्यावरून बर्फ आडवं पळत होतं.
तो जेटबद्दल बोलला.
मी मान हलवत राहिले.

रात्री टेबलावर तीन माहितीपत्रकं.
तो खुर्चीतच झोपलेला,
समोर हॉकी, आवाज बंद.
मी शिवणाच्या डब्यातून टेप काढली.
जमिनीपासून गुडघ्यापर्यंत एकवीस इंच.
मांडीच्या मुळापर्यंत तीस.
पहिल्याची भिंत छत्तीस. दुसऱ्याची अडतीस.
तिसऱ्याचं बघितलंच नाही.
कोपऱ्यात एक होता, गेल्या सालचा,
जुन्या साबणाच्या रंगाचा,
त्याचं पत्रकही कुणी छापून ठेवलं नव्हतं.
निघताना त्याची भिंत मी हातानं मापली होती:
साडेतीन वीत.

टेपचं थंड टोक लागलं तसा तो जागा झाला.
'काय करतेस?'
'पँट आखूड करायची आहे.'
एकोणचाळीस वर्षांत
माझंही भांडं पदराआड जायला शिकलंय.

सकाळी फोन केला.
तो कोपऱ्यातला, म्हटलं.
कोल्टन त्याचे जेट सांगू लागला.
राहू दे, म्हटलं,
कडेला दांडी बसवता येते का, तेवढं सांग.
मागून ऑरेस्ट ओरडला,
हॉर्सपॉवर विचार.